पाण्यातली ओ

"पाण्याकडून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही," द्वारकामावशींनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "तीन हाका होऊ द्यायच्या. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं काही असेल तर दोनवर थांबतं. पोरीलाही शिकवून ठेव."

त्या ओसरीवर बसून कणीक मळत होत्या. मी हसले. "मावशी, मी पाण्यातल्या आवाजांवरच पीएचडी करतेय."

"म्हणून तर तुला सांगते. बाकीच्यांना कशाला कोण पाण्यातून हाक मारेल?"

मी पुन्हा हसले आणि मैतूच्या पाठीला सनस्क्रीन लावायला घेतलं.

मैत्रेयी, म्हणजे आमची मैतू, तेव्हा पाच वर्षांची व्हायची होती. तिला घेऊन मी मॉरिशसला आले, तेव्हा कऱ्हाडला घरात बरीच चर्चा झाली होती. सासूबाई म्हणाल्या, "तू जा, शीक, माझी ना नाही. पण लेकराला समुद्राकाठी कशाला नेतेस?" माझ्या नवऱ्याची, परागची पॅथॉलॉजी लॅब नुकती उभी राहत होती, त्याला येणं शक्य नव्हतं. मैतूला ठेवून जाणं मला शक्य नव्हतं. तिचा श्वास ऐकू आला नाही की मला झोप लागत नाही. ताप नसताना तिच्या कपाळाला हात लावून बघायची मला सवय आहे. पराग त्याला "तुझी गस्त" म्हणतो.

मावशींचं घर पश्चिम किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांमागे होतं. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आलेले. त्या स्वतः तिथल्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं मराठी जरा पुस्तकी, जरा जुनं, आणि चिडल्या की सरळ तिथली क्रिओल बोली. मी आले त्या दिवशी त्यांनी मैतूला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "भाडं राहू दे बाजूला. ही माझ्याशी रोज मराठी बोलेल ना?"

घरासमोर लगून होतं. किनाऱ्यापासून लांबवर प्रवाळाची भिंत, तिच्या आत शांत, उथळ, काचेसारखं पाणी. भिंतीत एका ठिकाणी खिंड होती. ओहोटीला लगूनमधलं सगळं पाणी त्या खिंडीतून बाहेर खेचलं जायचं. मी आल्या आल्या ती खिंड नीट बघून घेतली होती. मैतूने कुठवर जायचं याची खूण म्हणून एक काळा दगडही ठरवला होता. पायऱ्या, खिडक्या, गॅस, पाणी: मी कुठेही राहायला गेले की आधी हे बघते.

ते प्रवाळ मेलं होतं. लागोपाठच्या दोन कडक उन्हाळ्यांत पाणी इतकं तापलं की प्रवाळ पांढरं पडलं, मग त्यावर करडं शेवाळ चढलं. आणि ते गप्प झालं.

गप्प, हे मी अगदी शब्दशः म्हणतेय. जिवंत प्रवाळावर पाण्यातला मायक्रोफोन सोडला, तर कढईत पापड तळल्यासारखा आवाज येतो. ती बोटभर कोळंबी असते, नांगी चुटकीसारखी मिटणारी. त्यात माशांचं गुरगुरणं, घासणं, ठोके. हा कलकलाट माशांच्या पिल्लांना दुरून ऐकू येतो. अंड्यातून निघाल्यावर ती उघड्या समुद्रात वाहत जातात, तांदळाच्या दाण्याएवढी. घर कुठे करायचं हे ठरवताना ती कानांवर विसंबतात. जिथे गलबला, तिथे वस्ती. मेलेल्या प्रवाळाकडे कुणी फिरकत नाही, आणि कुणी फिरकलं नाही की ते मेलेलंच राहतं.

त्यावरचा उपाय जुना होता. पाण्याखाली स्पीकर ठेवायचे आणि निरोगी प्रवाळाचा आवाज वाजवायचा. पिल्लं फसून येतात, राहतात, शेवाळ खातात, आणि प्रवाळाला पुन्हा जगायची संधी मिळते. पण हे म्हणजे रिकाम्या घरात रेडिओ लावून ठेवण्यासारखं. आमची यंत्रणा वेगळी होती. तिचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. मी तिला 'मैफल' म्हणायचे, आणि माझी मार्गदर्शक एलोदी, तिथलीच, फ्रेंच वळणाने 'मेफाल' म्हणू लागली. मैफल आधी ऐकायची. मग काहीतरी वाजवून बघायची. सोनार यंत्राच्या पडद्यावर कोण जवळ आलं, किती वेळ थांबलं हे पाहायची आणि पुढचं वाजवणं त्याप्रमाणे बदलायची. गवई श्रोत्यांचे चेहरे बघून रंग भरतो तसं. जवळ येणं ही दाद. थांबणं ही मोठी दाद. मैफलीला फक्त दाद हवी असायची.

दाद कुणाची मोजायची, यावर एका बैठकीत बोलणं झालं होतं. मी म्हटलं, "माशांची." एलोदीने मान हलवली. "खेकडे? झिंगे? ऑक्टोपस? आपल्याला सगळे हवेत. नुसतं 'जिवंत' लिही. हलणारं, जवळ येणारं, थांबणारं."

मी तसं लिहिलं.

मैफल सुरू झाली आणि तीन-चार महिन्यांत लगून बोलू लागलं. करड्या दगडांवर निळ्या माशांचे थवे दिसू लागले. रोज पहाटे जगभरच्या बेटांवरच्या मैफली आपापलं शिकलेलं एकमेकींना देत. दूरच्या एखाद्या लगूनमध्ये जमलेली युक्ती आमच्याकडेही येई. एलोदी तर नाचायची बाकी होती.

दुपारचं जेवण झालं की मी आणि मैतू पाण्यात उतरायचो. तिच्या दंडांवर पिवळे फुगे, डोळ्यांवर मास्क. आमचा एक खेळ होता. ती तोंड पाण्यात घालून तरंगायची. मी थोडी लांब जाऊन, तोंड पाण्यात बुडवून हाक मारायचे: "मैतूऽऽ!" बुडबुडे निघायचे, शब्द विरघळायचे, पण सूर पोचायचा. तीही पाण्यातच ओ द्यायची, "ओऽ, आई!" आणि शेवटी हसायची. मग आम्ही एकमेकींना शोधायचं.

एका संध्याकाळी वरणभात कालवताना ती म्हणाली, "आई, तू आज मला खोटं खोटं बोलावलंस."

"कधी गं?"

"मी मासे बघत होते तेव्हा. तू पाण्यातून हाक मारलीस. मी आले, तर तू नव्हतीसच. तू वर त्या एलोदीमावशीशी बोलत होतीस."

"मी नाही मारली हाक, राणी."

"मारलीस. माझ्या डोक्यात मारलीस."

माझा हात भातातच थांबला. मग शिकलेलं आठवलं. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो. हवेत उजवीकडचा आवाज उजव्या कानाला क्षणभर आधी पोचतो, आणि त्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. पाण्यात तो फरक जवळजवळ पुसला जातो. शिवाय आवाज कवटीच्या हाडांतून थेट आत शिरतो. म्हणून पाण्यात ऐकलेलं कुठल्याच बाजूने येत नाही. ते आपल्या आतच वाजतं. मी तिला हे सोपं करून सांगितलं. कुठली तरी होडी गेली असेल, म्हटलं.

पराग व्हिडिओवर हसला. "पाच वर्षांची आहे ती. परवा मला सांगत होती की मावशींची मांजर क्रिओलमध्ये शिंकते."

"ते खरंय," मावशी मागून म्हणाल्या.

दोन दिवसांनी मैतू काळ्या दगडाच्या पलीकडे सापडली. मी ओरडले. ती रडवेली होऊन म्हणाली, "पण तूच दोनदा बोलावलंस!"

दोनदा. मावशी ओसरीवरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलले. "मैतू, नवीन नियम. आई नेहमी तीन हाका मारणार. एक आली, दोन आल्या, तरी यायचं नाही. तिसरी आली तरच ती आई. कळलं?"

"शेवटी ऐकलंस म्हणायचं," मावशी पुटपुटल्या.

"भुताखेतांसाठी नाही हं, मावशी. हा आपला परवलीचा शब्द."

"तू त्याला काहीही म्हण, पोरी."

आम्ही सराव केला. किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात, पाण्यात तोंड घालून. मी दोन हाका मारून थांबायचे. ती जागची हलायची नाही, गाल फुगवून बघत राहायची. तिसरी मारली की फुगे फडफडवत धावत यायची. आठवडाभर आम्ही हेच खेळलो. मला फार दिवसांनी शांत झोप लागू लागली.

त्यानंतरची एक दुपार. मैतू मावशींबरोबर किनाऱ्यावर होती आणि मी होड्यांच्या शेडवरच्या आमच्या खोलीत डेटा लावत होते. एलोदीने हेडफोन पुढे केला. "हे ऐक. हा कुठला मासा ओळख. मला तर सापडत नाहीये."

आधी तो पापड तळल्याचा आवाज. मग त्याखालून एक सूर वर चढला, मध्येच किंचित अडखळला, आणि लांबला. थांबला. पुन्हा तोच. थांबला. पुन्हा.

तो अडखळणारा सूर मला ओळखीचा होता. 'मै' म्हणून झाल्यावर 'तू' म्हणायच्या आधी माझा आवाज नेहमी अडकतो. काळजीने अडकतो. परागने त्याची नक्कल करून मला कितीदा चिडवलंय. शब्द नव्हते, नुसता सांगाडा होता. पण ती मी होते.

"आधी हे दोनदाच वाजायचं," एलोदी उत्साहाने सांगत होती. "या आठवड्यात मैफल तीनदा म्हणायला लागली, आणि दाद एकदम वाढली."

"कुणाची दाद?"

"कासव असावं. बऱ्यापैकी मोठं. रोज दुपारी येतं. हे बघ ना, आत्ताही आहे." तिने पडद्यावर बोट ठेवलं. आमचे स्पीकर किनाऱ्यापासून खिंडीपर्यंत माळेसारखे मांडलेले होते. एक ठिपका त्या माळेवरून हळूहळू सरकत होता. एका मण्याशी थांबायचा, मग पुढच्या. "मैफल किती हुशार आहे बघ. ते एका स्पीकरशी थांबलं की तो गप्प होतो, पुढचा बोलावतो. असं केलं की ते जास्त वेळ राहतं."

खाली ओहोटी लागली होती.

"बंद कर," मी म्हणाले. "एलोदी, ती मैतू आहे. बंद कर ते!"

 एलोदीची बोटं कीबोर्डवर धावली. "करते. पण पाण्याखाली रेडिओ चालत नाही. आदेशसुद्धा आवाजानेच जातो, एका स्पीकरकडून दुसऱ्याकडे. वेळ लागेल, ऋजुता!"

मी जिन्यावर होते.

सुरूखाली मावशी शेंगा सोलत बसल्या होत्या. माझा चेहरा बघून उठल्या. "अगं, ही काय इथेच आहे. आत्ता तर..." त्यांनी काळ्या दगडाकडे बोट दाखवलं. तिथे कुणी नव्हतं. पिवळे फुगे बऱ्याच लांब होते. पाण्यात तोंड घालून, शांत, वाहत.

"मैतूऽऽ!" मी ओरडले. एकदा. दोनदा. तीनदा.

तिने डोकं वर काढलं. मास्कमधून माझ्याकडे पाहिलं. भर उन्हात, कोरड्या वाळूवर हात हलवणारी तिची आई तिला स्पष्ट दिसत असणार. मग तिने पाण्याकडे पाहिलं, जणू कुणीतरी मध्येच बोललं. आणि तोंड परत पाण्यात घातलं.

ते मी अजून विसरलेले नाही. तिने दोघींना तोलून पाहिलं होतं. मी लांब होते. ती दुसरी अगदी जवळ होती, कानांच्या मधोमध.

मी स्वतःला पाण्यात झोकून दिलं. पोहताना सवयीने, खेळातल्यासारखीच, मी पाण्यात हाक मारली. आणि उत्तर आलं.

"ओऽ, आई!"

शेवटी ते हसू. इतकं जवळ, की माझ्या दातांत जाणवलं. माझं सगळं अंग सैल पडलं. मी थांबले, उभी राहिले, आजूबाजूला हात फिरवले. सापडली, इथेच आहे. पुन्हा तोंड पाण्यात घातलं. "ओऽ, आई!" मी वळले. "ओऽ, आई!" मी आणखी वळले. समोर निळे मासे होते. करडे दगड होते. एका दगडाला बांधलेला आमचा स्पीकर होता, त्यावर मीच चिकटवलेला क्रमांक.

डोकं वर काढलं तेव्हा पिवळे फुगे खिंडीच्या तोंडाशी पोचले होते.

मग मी कान पाण्यात जाऊ दिले नाहीत. मान वर ताणून, नजर त्या पिवळ्या रंगावर ठेवून, मिळेल तसे हात मारले. पाणी मलाही तिकडेच ओढत होतं, म्हणून मी पोचले. भिंतीवर फुटणाऱ्या लाटांचा धडधडाट सुरू झाला होता. मी तिचा घोटा पकडला.

तिने लाथ मारली. "सोड! सोड मला! आई बोलावतेय!"

"मैतू, मी आई आहे. बघ ना, मी आहे."

तिने मास्क वर केला. माझ्या गालाला हात लावला, नाकाला लावला. 

"मग आत कोण आहे?"

मावशींनी आरडाओरडा करून पाठवलेल्या होडीने आम्हाला उचललं. किनाऱ्यावर त्यांनी मैतूला टॉवेलात गुंडाळलं. मला वाटलं, आता म्हणतील, सांगितलं नव्हतं का.  त्यांनी एवढंच विचारलं, "तीन मारल्या त्याने?"

"हो."

"आयो!" त्या पाण्याकडे बघत राहिल्या. मी भुताखेतांना हसले म्हणून त्या कधी बिचकल्या नव्हत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या मैतूला घेऊन पाण्यापासून मागे सरल्या. "म्हणजे आता त्यालाही ठाऊक झालं."

एलोदीने नंतर सगळी ध्वनिमुद्रणं तपासली. ती ओसुद्धा सापडली. "दुसरं गाणं," ती खाली मान घालून म्हणाली. "लहान प्राण्यासाठी पहिलं, मोठ्या प्राण्यासाठी हे. ओ वाजवली की तू यायचीस आणि थांबायचीस, ऋजुता. तुझी दाद कासवापेक्षाही जास्त होती." त्या बिचारीच्या तोंडून कासव हाच शब्द पुन्हा निघाला.

यात कुणाचं वैर नव्हतं, हे मला कळतं. मैफलीला मैतू ठाऊक नाही, मी ठाऊक नाही, बुडणं ठाऊक नाही. आम्ही तिला जे जिवंत ते जवळ बोलवायला सांगितलं होतं. तिने पाहिलं की सगळ्या समुद्रात आई-मुलीएवढ्या ओढीने एकमेकींकडे कुणीच येत नाही. ती ओढ तिने उचलली.

आमच्या लगूनमधली यंत्रणा बंद झाली. पीएचडी अर्धी टाकून मी कऱ्हाडला परत आले. पण बंद होण्याआधीच्या त्या आठवड्यात रोजची पहाट उजाडतच होती, आणि आमची मैफल आपलं शिकलेलं बाकीच्यांना देतच होती. एलोदीने कळवलंय की आता सगळीकडे माणसाची बोली गाळणारी चाळणी बसवली आहे. तिच्यावर माझा विश्वास आहे. चाळणीवर नाही. चाळणी शब्द पकडते. मैफल शब्द शिकलीच नव्हती. ती काळजी शिकली होती, गळ्यात अडकते ती. तेवढी कुठल्याही भाषेत सारखीच वाजते. आणि प्रवाळ वाचवणारी ही यंत्रणा लोकांना हवीच आहे. यंदा ती आपल्या मालवणच्या बाजूलाही उतरतेय. मासे परत येतील. येवोत, मलाही हवेत.

आमच्या घरात आता कुणी कुणाला हाक मारत नाही. काही हवं असलं की उठून जायचं आणि खांद्याला हात लावायचा. सासूबाई सुरुवातीला वैतागल्या. "अगं, स्वयंपाकघरातून नुसतं ओरड की! एवढी उठबस कशाला?" मग एक दिवस त्यांनी मैतूला तीन हाका मारल्या. ती दारामागे उभी होती, श्वास रोखून, आजीचे पाय दिसतात का बघत. त्यानंतर त्याही उठून जातात, गुडघे दुखत असले तरी.

परवा मैतू आंघोळीला बसली होती. फार वेळ आवाज नाही म्हणून मी दार ढकललं. तिने एक कान बादलीतल्या पाण्यात बुडवला होता.

"काय ऐकतेस गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "अजून तरी नाही."

मी तिला उचललं, ओलीच. तिने सवयीने माझं नाक चाचपलं.

हे मी लिहितेय ते उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आत. तुम्ही कदाचित किनाऱ्यावरच हे वाचत असाल, सुरूच्या सावलीत, पाय वाळूत खुपसून. तुमचं मूल समोर पाण्यात असेल. मघाशी दिसत होतं. वाचता वाचता तुम्ही एक हाक मारली असेल, तिकडून ओ आली असेल, आणि बरं वाटून तुम्ही पुढचं पान उलटलं असेल.

त्या 'ओ'वर विसंबून राहू नका. तीनदा आली तरी राहू नका. हे खाली ठेवा, उठा, पाण्यापर्यंत जा. त्याला हात लावून या.